पिस्तुलाचा घरचा वैरी

शस्त्रांचा इतिहास सांगावयास बसले म्हणजे लढायांची नावे येतात, वीरांची येतात, शोध लावणाऱ्यांची आणि कारखानदारांचीही येतात. लढाई आटोपल्यावर दिव्याच्या उजेडात तेलाची कुपी आणि चिंधी घेऊन शस्त्र पुसत बसलेला माणूस मात्र त्या इतिहासात क्वचितच दिसतो. वास्तविक ज्या क्षणी शस्त्र उपयोगी पडले त्या क्षणाचे निम्मे श्रेय या माणसाचे असते. शस्त्र शत्रूने मोडले असे फार थोड्या वेळा घडते. ते गंजून निकामी झाले असे मात्र सर्व काळी आणि सर्व देशांत घडत आले आहे. लोखंडापासून उपजलेला मळच लोखंडाला खातो, हा दृष्टान्त धम्मपदात दुष्कृत्यांविषयी आला आहे. पिस्तुलाच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे, आणि हा घरचा वैरी ओळखण्यास माणसाला जवळजवळ सहा शतके लागली.

बंदूक, तोफ आणि पिस्तूल या तिघांनाही गंजाचे भय सारखेच असले तरी पिस्तुलाची अवस्था अधिक नाजूक. तोफ बुरुजावर असते, बंदूक खांद्यावर असते. पिस्तूल अंगाला लागून असते. कमरेचा घाम त्याला लागतो, आणि घामात मीठ असते. ते चामड्याच्या म्यानात राहते, आणि कमावलेले चामडे ओल धरून ठेवते. त्याचे चाप, घोडा, कमानी हे भाग लहान आणि एकमेकांना बिलगून असलेले; त्यांच्या फटींत चिंधी पोहोचत नाही. शिवाय पिस्तूल महिनोन्महिने वापरावे लागत नाही आणि मग एके दिवशी, एका क्षणात, ते चाललेच पाहिजे अशी अपेक्षा असते. गंजाला याहून सोयीची जागा कोणती मिळणार?

मुळात गंज म्हणजे काय? लोखंड, पाणी आणि हवेतील प्राणवायू या तिघांच्या संगतीने होणारा तो विकार आहे. तिघांपैकी एकजण दूर राहिला तर गंज चढत नाही. परंतु त्या पाण्यात एखादा क्षार विरघळलेला असला तर मात्र हा व्यवहार झपाट्याने चालतो. तांबड्या गंजाचा पापुद्रा सच्छिद्र असतो. तो खालच्या धातूचे रक्षण करीत नाही, उलट ओल धरून तिला आत आत नेतो. म्हणून लोखंडावर पडलेला एक ठिपका पुसला नाही तर त्याचा खड्डा होतो, आणि नळीत पडलेला खड्डा कोणत्याही तेलाने भरून येत नाही.

आता बंदुकीच्या दारूकडे वळावे. जुनी काळी दारू तीन पदार्थांची बनत असे: सोरा, कोळसा आणि गंधक. युरोपात स्थिरावलेले प्रमाण शंभरात सोरा ७५, कोळसा १५ आणि गंधक १० भाग असे होते. यांपैकी सोऱ्याचे मोठे भांडार हिंदुस्थानात होते. बिहारमध्ये पाटणा आणि छपऱ्याच्या परिसरात नुनिया लोक खारवट माती पाण्यात धुऊन, ते पाणी आटवून सोरा काढीत. सतराव्या शतकापासून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजे भरभरून नेत, आणि प्लासीच्या १७५७ च्या लढाईनंतर या व्यापारावर इंग्रजांची पकड बसली. युरोपातील कितीतरी रणांगणांवर उडालेल्या दारूत बिहारची माती होती असे म्हणावयास हरकत नाही.

ही दारू पेटली म्हणजे तिचे काय होते याचा कसून अभ्यास १८७० च्या दशकात इंग्लंडमध्ये अँड्र्यू नोबल आणि फ्रेडरिक एबल यांनी केला. बंद पोलादी पात्रात दारू उडवून त्यांनी उरलेल्या पदार्थांचे वजन केले, तेव्हा असे दिसून आले की, दारूच्या वजनापैकी शेकडा ४३ च्या आसपासच भाग वायुरूप होतो. उरलेला सुमारे ५७ भाग घनरूपाने मागे राहतो. त्यातला काही धुराच्या रूपाने बाहेर पडतो आणि काही नळीत काळ्या किटाच्या रूपाने चिकटून बसतो. हे कीट मुख्यतः पोटॅशियमच्या क्षारांचे असते. त्यातील पोटॅशियम कार्बोनेटचा गुण असा की, हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ४३ च्या वर गेली की ते हवेतले पाणी ओढून घेऊन स्वतः त्यात विरघळू लागते. म्हणजे पावसाळ्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. सकाळी उडवलेल्या पिस्तुलाची नळी धुतली नाही, तर दुसऱ्या दिवशी तिच्यात तांबूस चिखल दिसे.

रसायनशास्त्र जन्माला येण्याच्या आधीपासून शिपायांनी यावर अचूक उपाय शोधला होता. तो उपाय म्हणजे पाणी. लोखंडाचा शत्रू पाणी, आणि त्यानेच लोखंड धुवावयाचे, हे ऐकताना विपरीत वाटते. पण किटातील क्षार तेलात विरघळत नाहीत, पाण्यातच विरघळतात. म्हणून नळीत पाणी ओतावयाचे, गजाला चिंधी गुंडाळून ती घासावयाची, पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करावयाचे, आणि शेवटी कढत पाणी ओतावयाचे. कढत पाण्याने लोखंड इतके तापते की उरलेली ओल आपोआप उडून जाते. मग कोरडी चिंधी, आणि सर्वांत शेवटी तेलाचा हात. आधी धुणे, मग वाळविणे, मग माखणे, हा क्रम होता. यातले ‘का’ कोणालाही ठाऊक नव्हते, पण ‘कसे’ पक्के ठाऊक होते.

आपल्याकडेही हे भान होते. रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या १७१५ च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त गडांच्या व्यवस्थेविषयी जे बारीक नियम सांगितले आहेत, त्यांत ओलीचा विचार ठिकठिकाणी आहे. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावे, त्यांचे काने, म्हणजे बत्ती देण्याची छिद्रे, मेणाने बुजवावीत आणि त्यांवर आच्छादन घालावे, असे तेथे बजावले आहे. दारूखान्यातील दारू आणि बाण ठराविक दिवसांनी बाहेर काढून त्यांना ऊन द्यावे आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवावे, असाही दंडक आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस ज्यांनी अनुभवला होता, त्यांनाच हे सुचावे. राज्य तलवारीने मिळते, पण ते राखण्यास मेणाचा गोळाही लागतो, ही जाणीव त्या ग्रंथात आहे.

धुण्यापुसण्याच्या जोडीला लोखंडावर कायमचे कवच चढविण्याचेही प्रयत्न होते. पूर्वी युरोपातील सैन्यांत बंदुकीची नळी आरशासारखी चकचकीत ठेवणे ही शिस्तीची खूण मानीत. शिपाई विटेच्या भुकटीने नळ्या घाशीत. गंज जाई, पण त्याबरोबर धातूही झिजे. या चकाकीचा मोह सुटल्यावर कारागिरांच्या एका जुन्या युक्तीचे महत्त्व वाढले. ती युक्ती मोठी चमत्कारिक होती: गंज आवरण्यासाठी गंजच चढवावयाचा. नळी तेलाचा अंशही राहणार नाही इतकी स्वच्छ करीत, तिला आम्लयुक्त द्रावण लावीत आणि दमट जागी ठेवीत. तिच्यावर एकसारखा बारीक गंज आला की तारेच्या ब्रशाने वरचा भुसभुशीत थर काढून टाकीत. हे अनेक वेळा केले म्हणजे नळीला तपकिरी रंग येई. पुढे प्रत्येक वेळी नळी उकळत्या पाण्यात बुडविण्याची पद्धत आली. उकळत्या पाण्यात तांबड्या गंजाचे काळ्या, दाट, चिकट अशा दुसऱ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. पिस्तुलांवर जी गर्द निळी-काळी झाक दिसते, ती अशा काळ्या ऑक्साइडची. चोरालाच पहारेकरी नेमावे तसा हा प्रकार. मात्र हा पहारेकरी एकटा पुरेसा नाही. त्याच्या थरात सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांत तेल मुरलेले असेल तरच तो टिकतो.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या कथेत एका नव्या पात्राचा प्रवेश झाला. चकमकीच्या ठिणगीने रंजक पेटविण्याची जुनी रीत पावसात दगा देई. स्कॉटलंडमधील धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ यांनी १८०७ साली आघाताने पेट घेणाऱ्या भुकटीचे पेटंट घेतले. त्यातून पुढे तांब्याची चिमुकली टोपी निघाली, आणि त्या टोपीमुळेच सॅम्युअल कोल्ट यांचे रिव्हॉल्व्हर व्यवहार्य झाले. कोल्ट यांचे अमेरिकेतील पेटंट १८३६ चे. पावसातही बार उडू लागला, आणि सर्वांना हायसे वाटले. पण या टोप्यांच्या मिश्रणात पोटॅशियम क्लोरेट नावाचा एक क्षार घालीत असत. तो उडाला म्हणजे मागे काय उरते, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. काळ्या दारूचे ढीगभर कीट धुताना टोपीचा चिमूटभर अवशेषही पाण्याबरोबर वाहून जात असे.

त्या किटाचा दुसरा उपद्रव असा की, वाळले म्हणजे ते टणक होई आणि पुढची गोळी आत जाऊ देत नसे. म्हणून रिव्हॉल्व्हर भरणारा माणूस प्रत्येक घराच्या तोंडाशी चरबी किंवा मेण लावी, आणि काडतुसांनाही चरबीचा लेप देत. ओल बाहेर ठेवावी आणि कीट मऊ राहावे, एवढाच त्या लेपाचा हेतू. हाच साधा लेप हिंदुस्थानात १८५७ साली केवढ्या वादळाचे निमित्त झाला हे सर्वश्रुत आहे. नव्या एन्फील्ड रायफलीचे काडतूस दाताने तोडावे लागे, आणि त्याला गाईची आणि डुकराची चरबी लावली आहे ही वार्ता जानेवारी महिन्यात दमदमच्या छावणीतून पसरली. शिपायांनी आपापल्या पसंतीचे वंगण वापरावे अशी मुभा नंतर देण्यात आली. पण तोवर विश्वासालाच कीट चढले होते. त्या उठावाची कारणे अनेक आणि खोल होती. तरीही नळी साफ राहावी म्हणून योजलेला उपाय माणसांच्या श्रद्धेची विचारपूस न करता लादला, तर काय होते, याचा तो धडा आहे.

१८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी धूररहित दारू तयार केली, आणि थोड्याच वर्षांत सर्व सैन्यांनी तिचा स्वीकार केला. ही दारू जवळजवळ पूर्णपणे वायुरूप होते. धुराचे ढग गेले, काळे कीट गेले, नळी पाहावी तर आतून चकचकीत. मग पाण्याने धुण्याची कटकट कशाला? शिपायांनी आणि हौशी नेमबाजांनी पाणी टाकून दिले आणि तेलाची कुपी हाती घेतली. चिंधीने नळी पुसावी, तेलाचा हात फिरवावा आणि पिस्तूल म्यानात घालावे, इतके सोपे काम झाले.

परंतु अनुभव विपरीत येऊ लागला. आदल्या दिवशी पुसून, तेल लावून ठेवलेली नळी चार दिवसांनी उघडून पाहावी, तर आत तांबूस डाग. पुन्हा पुसावे, पुन्हा तेल लावावे, पुन्हा तोच प्रकार. काळ्या दारूच्या काळात जे झाले नाही ते या ‘स्वच्छ’ दारूने होऊ लागले. तर्क सुरू झाले. कोणी म्हणाले, नव्या दारूत आम्ल आहे, ते लोखंड खाते. कोणी म्हणाले, स्फोटाच्या प्रचंड दाबाने वायू पोलादाच्या रंध्रांत शिरतात आणि मग पोलादाला घाम फुटावा तसे दिवसेंदिवस बाहेर झिरपत राहतात. म्हणून लागोपाठ काही दिवस नळी पुसत राहिले पाहिजे. हा ‘घामा’चा सिद्धान्त सैन्यांतही बराच काळ मान्यता पावला होता. आम्ल मारणारी अल्कधर्मी तेले निघाली, नाना द्रावणे निघाली, आणि प्रत्येकाची जाहिरात झाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार चालला होता.

याच काळात एक गमतीची गोष्ट घडत होती. गोळीच्या वेष्टनाचा धातू नळीला चिकटे, तो काढण्यासाठी काही सैनिक अमोनियाचे पातळ द्रावण वापरीत. ज्यांनी ते वापरले त्यांच्या नळ्या गंजत नसत. श्रेय अर्थातच अमोनियाला मिळाले. त्या द्रावणात बहुतांश पाणीच होते, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

अखेर अमेरिकेच्या खाणखात्यातील रसायनशास्त्रज्ञ विल्बर्ट हफ यांनी या कोड्याचा पद्धतशीर शोध घेतला आणि १९२२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांच्या पुस्तिकेचा विषयच मोठा सूचक होता: तेलाच्या थराखाली चढणारा गंज. दारू निर्दोष आहे, वायूंचा घाम ही कल्पना निराधार आहे, आणि खरा अपराधी काडतुसाच्या बुडाशी असलेल्या त्या चिमुकल्या टोपीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. टोपीतील पोटॅशियम क्लोरेट उडाले म्हणजे त्याचे पोटॅशियम क्लोराइड होते. हा पदार्थ जेवणातल्या मिठाचा सख्खा भाऊ. प्रत्येक बाराबरोबर या मिठाची अतिसूक्ष्म धूळ नळीभर पसरते. हवेची सापेक्ष आर्द्रता शेकडा ८५ च्या आसपास गेली की ते मीठ पाणी ओढते, आणि मग गंज सुरू होतो. कोरड्या हवेत ठेवलेली नळी न धुताही शाबूत राहते, आणि दमट हवेतली तेल लावूनही गंजते, या विसंगतीचा उलगडा असा झाला. मीठ तेलात विरघळत नाही. त्यामुळे तेलाने ते निघत तर नाहीच, उलट तेलाच्या पातळ थराखाली सुरक्षित झाकले जाते, आणि त्या थरातून झिरपणारी ओल त्याला पुरते.

काळ्या दारूच्या काळात हे का झाले नाही, हेही आता उघड झाले. टोपीत मीठ तेव्हाही होते. पण शिपाई नळी पाण्याने धूत होता. दारू सुधारली, म्हणून पाणी सुटले. पाणी सुटले, म्हणून मीठ उरले. पणजोबांची जी रीत अडाणीपणाची म्हणून टाकली होती तीच शास्त्रशुद्ध ठरली. मुंबई, रत्नागिरी, कोलकाता, कोची अशा ठिकाणी पावसाळ्यात आर्द्रता वरचेवर ८५ च्या पलीकडे जाते. तेव्हा तेथे ज्यांनी केवळ तेलावर विसंबून पिस्तुले पेटीत ठेवली असतील, त्यांच्या पदरी काय पडले असेल ते सांगावयास नको.

रोगाचे निदान झाल्यावर औषध फार दूर नव्हते. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत आणि अमेरिकेत क्लोरेटविरहित टोप्या बाजारात आल्या. त्यांत शिशाचे एक स्फोटक संयुग वापरले जाई आणि मीठ मागे राहत नसे. पण सैन्ये सावध असतात. जुन्या टोप्या वर्षानुवर्षे कोठारात राहूनही बिनचूक उडत, हा अनुभव होता; नव्यांचा भरवसा यावयाचा होता. म्हणून अमेरिकन सैन्याची बहुतेक काडतुसे १९५० च्या दशकाच्या आरंभापर्यंत जुन्याच टोप्यांची राहिली, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या शिपायाला पाण्याने धुण्याची शिस्त पाळावीच लागली. नव्या टोप्यांतील शिशाने नवा प्रश्न निर्माण केला. ते नळीला अपाय करीत नाही, पण त्याची धूळ माणसाच्या पोटात आणि फुप्फुसात गेली तर विष आहे. म्हणून शस्त्र पुसल्यावर हात स्वच्छ धुवावेत आणि हे काम मोकळ्या हवेत करावे, असे आज शिकवितात. वैरी घराबाहेर गेला तो शेजारी जाऊन राहिला, असेच हे झाले.

हे संशोधन चालू होण्याच्या काही वर्षे आधी इंग्लंडमधील शेफील्ड शहरात गंजाच्या इतिहासातली आणखी एक मोठी घटना घडली होती, आणि तिचाही उगम बंदुकीच्या नळीतच होता. १९१२ साली तेथील संशोधक हॅरी ब्रिअर्ली यांच्याकडे रायफलीच्या नळ्यांची झीज थांबविण्याचा प्रश्न आला. ही झीज गंजाने होणारी नव्हती, उष्ण वायूंच्या माऱ्याने होणारी होती. ब्रिअर्ली यांनी पोलादात क्रोमियम मिसळून पाहिले. १३ ऑगस्ट १९१३ रोजी ओतलेल्या एका घाणीत क्रोमियमचे प्रमाण शेकडा १२.८ होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी या पोलादाला आम्ल लावले, तर आम्ल त्याला लागेना. ब्रिअर्ली एका गरीब कामगाराच्या घरात वाढलेले, आणि सुऱ्या-काट्यांच्या गावचे. नळीच्या प्रश्नाचे काय व्हावयाचे ते होवो, हे पोलाद स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी उत्तम, हे त्यांनी तत्काळ ओळखले. जर्मनीत आणि अमेरिकेतही त्याच सुमारास इतरांनी असे पोलाद सिद्ध केले होते. या पोलादावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा अखंड पापुद्रा असतो, आणि ओरखडा पडला तर हवेच्या स्पर्शाने तो पुन्हा आपोआप जुळून येतो. लोखंडाच्या गंजात जो गुण नव्हता तो या गंजात होता.

यातली गंमत अशी की, नळीच्या शोधातून निघालेले स्टेनलेस पोलाद घरोघरच्या ताट-वाट्या-पेल्यांत येऊन बसले. पिस्तुलापर्यंत पोहोचण्यास मात्र त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. ते कापण्यास आणि घडविण्यास कठीण, आणि त्याचे दोन भाग एकमेकांवर घासले की चिकटून बसण्याची खोड. या अडचणींवर मात करून अमेरिकेतील स्मिथ अँड वेसन कंपनीने १९६५ साली स्टेनलेस पोलादाचे लहान रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. ते अंगाला लागून, कपड्यांच्या आत बाळगावयाचे शस्त्र होते. म्हणजे घामाचा प्रश्न जेथे सर्वांत बिकट, तेथेच त्याचा पहिला उपयोग झाला. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाने प्लॅस्टिकची बैठक आणि नायट्रोजनने पृष्ठभाग कठीण केलेले पोलाद आणले, आणि गंजाचे क्षेत्र आणखी आकसले.

मग हातातली चिंधी खाली ठेवावयाची वेळ आली काय? या प्रश्नाचे उत्तर व्हिएतनामच्या युद्धाने फार कठोरपणे दिले आहे. अमेरिकेची नवी एम-१६ रायफल तेथे गेली ती, हिला फारशी साफसफाई लागत नाही, अशी ख्याती घेऊन. सफाईचे साहित्यही शिपायांना पुरेसे मिळाले नाही. दरम्यान काडतुसातील दारू बदलली होती आणि तिचे कीट अधिक होते. दमट हवेत नळीचे काडतूसघर गंजले, आणि उडालेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आत अडकून बसू लागल्या. १९६६ आणि १९६७ साली कित्येक शिपाई ऐन चकमकीत, गजाने ती पुंगळी बाहेर ढकलीत असताना मारले गेले. अमेरिकन संसदेच्या प्रतिनिधिगृहाने नेमलेल्या उपसमितीने १९६७ साली या प्रकरणाची चौकशी करून लष्करी व्यवस्थेवर कडक ठपका ठेवला. त्यानंतर काडतूसघराला क्रोमियमचा मुलामा आला, सफाईचे साहित्य आले, आणि १९६८ साली विल आइस्नर या प्रसिद्ध चित्रकाराकडून शस्त्र कसे पुसावे हे शिकविणारी चित्रमय पुस्तिका सैन्याने करवून घेतली. ज्या देशात हफ यांनी चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी गंजाचे रहस्य उलगडले, त्याच देशाच्या तरुणांना ते अज्ञान पुन्हा भोवले. ज्ञान ग्रंथालयात असणे वेगळे आणि शिपायाच्या हातात असणे वेगळे.

आज शस्त्रागारांत ओल शोषून घेणारी सिलिका जेलची पुडकी असतात, गंज रोखणाऱ्या वाफा सोडणारा कागद असतो, हवेची आर्द्रता मोजणारी यंत्रे असतात. तरीही शस्त्र शिकविणारा उस्ताद नव्या शिपायाला पहिल्या दिवशी ज्या गोष्टी सांगतो त्या जुन्याच आहेत. पुसण्यापूर्वी शस्त्र रिकामे आहे याची स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करावी आणि काडतुसे दूर ठेवावीत. नळी पुसताना शक्य तेथे गज मागच्या बाजूने घालावा, म्हणजे तोंडाच्या कडा झिजत नाहीत. जुनी काडतुसे वापरली असतील तर पाण्याचा कंटाळा करू नये. तेल थोडेच द्यावे. फार झाले तर ते धूळ धरते आणि थंडीत घट्ट होऊन चाप जड करते. पिस्तूल चामड्याच्या म्यानात साठवून ठेवू नये. आणि हाताळल्यावर बोटांचे ठसे पुसावेत, कारण माणसाच्या बोटावरचा घामसुद्धा एका रात्रीत पोलादावर आपली सही करून जातो.

महाराष्ट्रात खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. पाऊस नुकताच ओसरलेला असतो, हवेतली ओल उतरू लागलेली असते, आणि मोहिमेचे दिवस जवळ आलेले असत. हळदकुंकू वाहण्यापूर्वी प्रत्येक पाते, प्रत्येक नळी बाहेर काढून, उन्हात धरून, घासूनपुसून, तेल देऊन ठेवावी लागे. चार महिन्यांत काय बिघडले ते त्या दिवशी दिसे. ज्यांनी या पूजेचा दिवस ठरविला त्यांना पोटॅशियम क्लोराइडचे नावही ठाऊक नव्हते. पण झाकून ठेवलेली वस्तू वेळोवेळी उघडून पाहिली पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गंजाच्या या दीर्घ कथेचे सारही तेच आहे. वरून तेल चोपडल्याने मळ जात नाही. तो झाकला जातो, आणि झाकलेला मळ उघड्या मळापेक्षा अधिक खातो. आधी धुवावे, मग वाळवावे, आणि त्यानंतर माखावे.